पिवळ्या वरमाला

"हे हार फ्रिजमध्ये ठेवले होते का?" चैतालीने पिशवीतले दोन्ही हार उचलून उजेडात धरले.

समोरची मुलगी ओशाळली. फ्रिजमध्येच होते, खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. तिच्या हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता आणि नखांच्या कडांना हळद अजून धरून होती. लग्न परवाच झालं, ती सांगत होती. सासूबाई म्हणत होत्या की हार वाहत्या पाण्यात सोडा आणि मोकळे व्हा. पण एका मैत्रिणीच्या घरी तिने रेझिनच्या ठोकळ्यात जपलेले हार पाहिले होते, आणि अख्ख्या लग्नात तिचं स्वतःचं म्हणून ठरवलेलं एवढंच होतं. हॉल सासरच्यांनी ठरवला, साड्या आईने घेतल्या, जेवण मामांनी बघितलं. हार मात्र तिने निवडले होते, निशिगंधाचे, मधूनमधून गुलाब घातलेले.

"ओलं फूल रेझिनमध्ये घातलं तर आतल्या आत कुजतं," चैताली म्हणाली. "आधी नीट वाळवावे लागतील. वेळ लागेल."

"लागू दे ना, ताई. पण क्लिअर राहील ना? एकदम काचेसारखं?"

"राहील."

हा शब्द चैताली रोज कुणाला ना कुणाला देत असे, आणि तो पाळतही असे. कोथरूडमधल्या एका सोसायटीखालच्या गाळ्यात तिचं 'स्फटिक' नावाचं छोटंसं दुकान होतं. लग्नाचे हार, बाळाचं जावळ, पहिला दात, असलं काहीबाही लोक घेऊन यायचे आणि ती ते पारदर्शक ठोकळ्यात कायमचं बंद करून द्यायची. एकदा एक गृहस्थ वडिलांची कवळी घेऊन आले होते. कोथरूडचे लोक भावना जपतात, फक्त त्यांच्यावर धूळ बसू नये एवढीच त्यांची अपेक्षा असते. असा धंदा करणाऱ्या बायका आता गल्लोगल्ली झाल्या होत्या, पण त्यांचे ठोकळे वर्ष-दीड वर्षात चहाच्या रंगाचे व्हायचे. चैताली पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली होती, रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तिने बरीच वर्षं काढली होती, आणि 'स्फटिक'चं काम पिवळं पडत नाही एवढ्या एका गोष्टीवर तिचं घर चाललं होतं.

"नावं सांगा. सोनेरी अक्षरांत आत घालते."

"ऋषी आणि तनुजा. तनुजा म्हणजे मी." ती हसली. "ॲड्रेस पण देऊन ठेवू? संपत बंगला. पुढे गावात, पाण्याच्या टाकीच्या मागे. कुणालाही विचारलं तरी सांगतात."

चैतालीला कुणाला विचारायची गरज नव्हती. टाकीमागच्या त्या बंगल्यात ती पाच वर्षं सून म्हणून राहिली होती.

गाव म्हणजे आता नावालाच गाव. ते महापालिकेत गेलं, शेतांवर टॉवर उभे राहिले, आणि ऋषीच्या वडिलांनी, संपतरावांनी, जमिनी विकून बंगला बांधला आणि पोराला रंगाचं दुकान टाकून दिलं. चैताली तेव्हा कंपनीतर्फे दुकानदारांना नवा माल समजावून सांगत हिंडायची. ऋषीने तीन भेटींत तीच शंका विचारली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की शंका रंगाबद्दलची नाही. ती खडकीची, बौद्ध घरातली, वडील दारूगोळा कारखान्यात. तो टाकीमागच्या जमीनवाल्यांचा एकुलता एक. दोघांनी लग्न केलं आणि ऋषीच्या आईने, आनंदीबाईंनी, त्याला नाही म्हटलं नाही.

आनंदीबाईंची रीत वेगळी होती. लग्नानंतर बोअरचं पाणी आटलं, तेव्हा त्यांनी सुनेच्या पायांकडे पाहिलं. गाय मेली, तेव्हाही पाहिलं. संपतराव गेले, तेव्हा तर पै-पाहुण्यांच्या देखत पाहिलं. जात हा शब्द त्या घरात कुणी कधी काढला नाही. पायगुण म्हटलं की सगळं भागत होतं.

मग सातव्या महिन्यात चैतालीचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून ती परत आली तेव्हा तिच्या खोलीत गोमूत्राचा वास होता, अगदी गादीलासुद्धा. धुणीभांडी करणाऱ्या शकूने खाली मान घालून सांगितलं की बाईंनी सगळी खोली शिंपडून घेतली आणि बाटली ऋषीदादांनी आणून दिली. चैतालीने ऋषीला विचारलं. तो म्हणाला, आईच्या समाधानासाठी गं, तुझा तर असल्या गोष्टींवर विश्वासच नाही, मग तुला काय फरक पडतो. थोड्या दिवसांनी तिला विश्रांतीसाठी माहेरी धाडलं, आणि तिच्या मागोमाग तिचे कपडे टेम्पोतून आले.

फरक पडला होता. त्या दिवसापासून चैताली त्या घराचं वाईट चिंतत आली होती, अगदी मनापासून आणि न चुकता, जशी दुसरी एखादी बाई तुळशीला पाणी घालते. घटस्फोटाच्या कागदांवर सही करतानाही तिने मनात तेच चिंतलं होतं. लोक म्हणतात की काळ सगळं विसरायला लावतो. असं म्हणणाऱ्यांच्या गादीवर कुणी काही शिंपडलेलं नसतं.

हार परत करता आले असते. काम फार साठलंय म्हणून सांगितलं असतं तर मुलगी दुसरीकडे गेली असती. चैतालीने ते ठेवून घेतले, पुढच्या महिन्यात फोन करते म्हणाली, आणि तनुजा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत दारात उभी राहिली. बायको पुन्हा करायला ऋषीला वेळ लागला होता, पण केली होती चांगली देखणी.

हार सिलिका जेलच्या बारीक खड्यांत पुरून ठेवले होते. त्यांतलं पाणी पुरतं निघून जाऊन पाकळ्या कागदासारख्या झाल्या, तेव्हा तिने साचा मांडला. एरवी हे काम तिच्या आवडीचं. रेझिन पातळ, ते घट्ट करणारा हार्डनरही पातळ. दोन्ही एकत्र घोटले की रेणू एकमेकांचे हात धरायला लागतात, भांडं तापतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं मिळून एकच अखंड जाळं झालेलं असतं. ते जाळता येतं, फोडता येतं, पण पुन्हा सुटं करता येत नाही. ह्या लग्नात काडीमोड नाही, असं तिचे कॉलेजातले सर म्हणायचे आणि वर्ग हसायचा. चैतालीही हसली होती.

फळीवर हार्डनरचे दोन कॅन होते. एक नेहमीचा, महागातला. दुसरा एका व्यापाऱ्याने नमुना म्हणून दिलेला, गोदामांच्या फरशीवर ओततात त्या रेझिनसाठीचा. ओतल्यावर दोन्ही सारखेच स्वच्छ दिसतात, पण दुसऱ्याला ऊन सोसत नाही. शेजारी स्टॅबिलायझरची छोटी बाटली होती. उन्हाने रेझिनचे धागे तुटायला लागतात तेव्हा मध्ये पडून त्यांना वाचवायचं काम तिचं. चैतालीने दुसरा कॅन घेतला आणि छोटी बाटली होती तिथेच राहू दिली. एवढंच करायचं होतं. कित्येक वर्षांत आला नव्हता इतका हुरूप तिला आला.

एकदम ओतलं तर उष्णता कोंडून फुलं भाजतात, म्हणून तिने थरावर थर दिले. व्हॅक्यूमच्या पेटीत ठेवून हवा काढली. सूड झाला तरी काम गचाळ करायचं तिच्याने झालं नाही, एकही बुडबुडा तिने राहू दिला नाही.

तिचे वडील, सुखदेव, कारखान्यातून निवृत्त होऊन आता तिच्याकडेच, गाळ्याच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहत होते. कामाच्या टेबलावर चहा आणायचा नाही हा तिचा नियम, म्हणून ते दारातच दोन कप धरून उभे राहिले. तिथून त्यांना सोनेरी अक्षरं दिसली.

"हा तोच का?"

"तोच," चैताली म्हणाली, आणि मग तिने काय केलं ते सगळं सांगितलं.

सुखदेवांनी खडकीच्या विहारात आयुष्यभर दर बुद्धजयंतीला भाषण केलं होतं. भूत नाही, करणी नाही, पायगुण नाही, माणसाला पाय चालायला दिलेत, असं ते पोरांना सांगायचे, आणि वैराने वैर शमत नाही हेही सांगायचे. आता त्यांनी त्या ठोकळ्याकडे पाहिलं. चैतालीला वाटलं, हे सगळं आपल्याला आता उभ्या उभ्या ऐकावं लागणार.

"किती दिवसांत पिवळं पडेल?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर लागेल. ऊन मिळालं तर लवकर."

"हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवायला सांग," सुखदेव म्हणाले आणि आपला कप घेऊन वर गेले.

तसंच तिने सांगितलं. ठोकळा न्यायला आलेली तनुजा हरखून गेली होती. उजेडात फुलं खुलून दिसतात, चैताली म्हणाली, मोठ्या खिडकीजवळ ठेवा. तनुजाने दोन वेळा थँक्यू म्हटलं, फोटो काढला, आणि सासूबाईंनाही आता पटेल म्हणाली.

पी हळद आणि हो गोरी, असला हा सूड नव्हता. वाट बघावी लागणार होती, आणि वाट बघण्यातच अर्धी गंमत होती. तनुजा मोबाइलवर घरातले फोटो टाकायची आणि चैताली ते मोठे करकरून बघायची. माघात ठोकळा अगदी पाण्यासारखा होता. होळीच्या फोटोत, आनंदीबाईंच्या खांद्यामागे, निशिगंधाच्या पांढऱ्या पाकळ्यांवर साईची झाक आल्यासारखी वाटली. पाडव्याला ती झाक पक्की झाली. चैत्राचं ऊन त्या पश्चिमेच्या काचेतून कसं आत येतं हे तिला ठाऊक होतं, तिथल्या सोफ्यावर ऊन येऊ नये म्हणून तिनेच दुपारी पडदे ओढले होते. अक्षय्यतृतीयेच्या फोटोत कुणा पाहुण्याच्या मागे ठोकळा लिंबाच्या लोणच्याच्या रंगाचा दिसला. चैतालीने फोन सुखदेवांपुढे धरला, त्यांनी चष्मा लावला आणि छान म्हणाले. त्या दिवशी दोघांनी श्रीखंड मागवलं.

वैशाखाच्या अखेरीस एका दुपारी तनुजा रिक्षाने आली. चैताली तयारच होती. तक्रार ऐकून घ्यायची, चुकचुकायचं, ऊन फार लागलं असेल म्हणायचं. पण तनुजा भांडायला आलेली नव्हती. ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, आणि विचारलं ते भलतंच.

"ताई, माझं काय चुकलं? मी कशाने पुसलं म्हणून असं झालं असेल का? साधं कापड फिरवत होते फक्त."

चैताली म्हणाली, पुसण्याने काही होत नाही.

"आईंना सांगा ना हे. त्या ऐकतच नाहीत." तनुजाला तिसरा महिना लागला होता. घरात आनंद होता, मग ठोकळा सगळ्यांच्या डोळ्यांत भरण्याइतका पिवळा झाला, आणि आनंदीबाई म्हणाल्या की वरमाला पिवळी पडणं हे लक्षण काही बरं नाही, ह्या मुलीचा पायगुणच तसला. "माझ्या आधी एक होती, ह्यांची पहिली. तिचंही असंच होतं म्हणे. तिचं तर बाळही राहिलं नाही. तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही घरात. आई म्हणतात, त्याच वळणावर जायचं नसेल तर आत्ताच माहेरी जाऊन राहा. उद्या सोडायला येणारेत. हे काहीच बोलत नाहीत, म्हणतात आईच्या समाधानासाठी थोडे दिवस जा."

चैताली उभी होती ती स्टुलावर बसली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं. ऊन किती, काच कोणती, रंग कधी धरणार, सगळा हिशेब तिने बिनचूक केला होता. फक्त त्या घरात काही बिघडलं तर बोट कुणाकडे वळतं, हे ती विसरली होती. पाच वर्षं ते बोट जिच्यावर रोखलेलं होतं, ती विसरली होती. पिवळा ठोकळा बघून आनंदीबाई जळतील, ऋषीला काहीतरी बोचेल, असं तिने धरलं होतं. त्या दोघांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. नव्या सुनेच्या नावावर त्यांनी ते अलगद लिहून टाकलं होतं.

सुरुवातीला तिला ह्या मुलीचाच राग आला. एवढी शिकलेली, आणि माझं काय चुकलं विचारते. मग आठवलं की ती स्वतःही हेच विचारत असे, फक्त मनातल्या मनात.

"घरी कोण आहे आत्ता?"

"दोघंही आहेत. का?"

"चल," चैताली म्हणाली आणि शटर ओढलं.

बंगल्याच्या ओसरीवर तनुजाची बॅग भरून ठेवलेली होती. उद्याची वाट बघायचीही गरज कुणाला वाटली नव्हती. हॉलमध्ये ठोकळा खिडकीतून काढून कोपऱ्यात जमिनीवर ठेवला होता, त्याच्यावर लाल फडकं आणि फडक्यावर लिंबू. ऋषी सोफ्यावर फोन बघत होता. पोट सुटलं होतं, केस मागे गेले होते. आनंदीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि हातातली शेंग ताटात पडली.

"तू? हितं कशाला आली?"

ऋषी उठून उभा राहिला. तनुजाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा चैतालीकडे, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं.

"हार मी पिवळे केले," चैताली म्हणाली. "मुद्दाम केले. चांगला हार्डनर असताना वाईट घातला, उन्हापासून वाचवायचं औषध घातलं नाही, आणि हिला सांगितलं पश्चिमेच्या खिडकीत ठेव. ह्यात हिचा काही दोष नाही, हिला माहीतही नव्हतं मी कोण ते."

बोलताना तिला फार बरं वाटत होतं. इतके महिने तिने सूड घेतला होता, पण तो कुणी घेतला हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आपल्या नावावर नसलेला सूड म्हणजे पाहुण्याच्या घरचं जेवण, पोट भरतं पण समाधान होत नाही.

"हे टू मच आहे, चैताली," ऋषी म्हणाला. "हे फ्रॉड आहे. मी कन्झ्युमर कोर्टात जाईन."

"जा की. का केलं ते तिथे मला विचारतीलच. गोमूत्राची बाटली कुठल्या दुकानातून आणलीस तेही सांगशील का मग?"

ऋषी तनुजाकडे न बघता पुन्हा सोफ्यावर बसला.

आनंदीबाईंचं ह्यांतल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. हार्डनर आणि औषध त्यांच्या कानांवरून गेलं होतं. एकच गोष्ट त्यांनी धरली होती आणि त्यांचा रंग उतरला होता.

"म्हंजी तू केलंस," त्या म्हणाल्या. "करणी केलीस माझ्या घरावर."

"करणी नाही. हे रसायन आहे. ह्यात..." चैतालीने समजावायला सुरुवात केली आणि थांबली. समोरची बाई घाबरली होती. पाच वर्षं जिने तिच्या पायांकडे बघून घेतलं, ती आता तिच्या तोंडाकडे बघायला भीत होती. आणि चैतालीला आणखी एक गोष्ट दिसली. हे रसायन आहे म्हणून सांगितलं, तर आनंदीबाई म्हणतील, एवढ्या शंभर घरांतून नेमका आमचाच ठोकळा कसा बिघडला, ह्या पोरीनेच कसा तो तुझ्याकडे नेला. ओसरीतली बॅग ओसरीतच राहील. रेझिनवर त्या बाईचा विश्वास बसणार नव्हता. करणीवर बसलेला होता, आणि करणी झाली म्हटलं की सून निर्दोष होती.

"हो," चैताली म्हणाली. "केली."

तिने कोपऱ्यातल्या लाल फडक्याकडे बोट केलं.

"कशी उतरवायची ते मला एकटीला माहीत आहे. हा ठोकळा मी घेऊन जाते, म्हणजे हिच्या बाळाला काही होणार नाही. पण हिला घरातून हलवायचं नाही. बाळ होईपर्यंत नाही आणि झाल्यावरही नाही. धाडलंत हिला माहेरी, की मी आलेच म्हणून समजा."

"न्हाई धाडत," आनंदीबाई म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. "ऋषी, बॅग आत घे. आधी घे म्हणते ना. आन् तू जा बाई हितनं. तुझ्या पाया पडते."

पडल्याही असत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ चैतालीच्या डोळ्यांदेखत सुटला. हे ऐकण्यासाठी तिने किती वर्षं मन जाळलं होतं, आणि ते तिला गोड लागलं. खोटं कशाला बोला, अतिशय गोड लागलं. तिने लिंबू काढून टीपॉयवर ठेवलं, फडक्यासकट ठोकळा उचलला आणि तनुजाकडे वळली. तिला काहीतरी सांगायचं होतं, काळजी घे वगैरे, बायका बायकांना सांगतात तसं.

तनुजा आनंदीबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली होती. एका हातात तिने सासूचा पदर धरला होता आणि दुसरा हात पोटावर ठेवला होता. सासूसारखीच तीही चैतालीकडे बघत नव्हती.

घरी आल्यावर सुखदेवांनी विचारलं की सांगितलंस का. तिने मान हलवली. काय म्हणाले, त्यांनी विचारलं.

"करणी केली म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले, पप्पा."

सुखदेवांनी पेपरची घडी उघडली, पुन्हा घातली. "पोरगी घरात आहे ना?" शेवटी त्यांनी विचारलं. आहे, ती म्हणाली. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि ते आत जाऊन पडले. तिला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पण नंतर विहारात पोरांसमोर बोलायला त्यांना बोलावणं आलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून त्यांनी सांगितलं. घसा चांगला ठणठणीत होता.

बातमी पुढच्या गावातून कोथरूडला यायला वेळ लागला नाही. मध्ये एक वळण आणि दोन सिग्नल एवढंच अंतर. आधी गावाकडची कामं थांबली. मग सोसायट्यांतल्या बायका यायच्या कमी झाल्या. "आमचा नाही हो विश्वास असल्यावर," एक जण फोनवर म्हणाली, "पण घरात मोठी माणसं आहेत ना." खरं कारण विचारणारी एकच निघाली. तिला चैतालीने खरं सांगितलं, की मी मुद्दाम वाईट माल वापरला. तीही पुन्हा आली नाही, आणि तिचं काही चुकलं असं चैतालीला वाटलं नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती दाराशी उभी होती. बऱ्याच दिवसांनी काम आलं होतं, कुणाचं तरी जावळ, आणि त्यासाठी रेझिन घोटून तिने भांडं नुकतंच टेबलावर ठेवलं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आनंदीबाई दिसल्या. त्यांनी तनुजाला दंडाला धरून जपून चालवलं होतं. पुढच्या इमारतीत बाळंतपणाचा दवाखाना होता. तनुजाचं पोट चांगलं पुढे आलं होतं, हातांत डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या होत्या. सातवा उलटून गेला होता. चैतालीने मनातल्या मनात महिने मोजले आणि तिला एकदम हायसं वाटलं, इतकं की ती दाराला टेकली.

त्याच वेळी त्या दोघींनी तिला पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. पलीकडच्या बाजूला महापालिकेने पाइपसाठी रस्ता उकरून ठेवला होता. तिकडून जायला वाट नव्हती. आनंदीबाईंनी स्वतःचा पदर सोडून तनुजाच्या पोटावरून घेतला, आणि तनुजाने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. ऊन वाढत चाललं होतं. पाऊल पुढे टाकायला दोघीही तयार नव्हत्या.

चैताली आत सरकली आणि शटर जमिनीपर्यंत ओढून घेतलं.

आत अंधारात ती उभी राहिली. थोड्या वेळाने बांगड्यांचा आवाज शटरच्या अगदी जवळून घाईघाईने गेला. तपासून झाल्यावर त्यांना ह्याच वाटेने परत जायचं होतं, म्हणून तिने शटर वर केलं नाही. दिवासुद्धा लावला नाही. आवाज पुन्हा आला आणि गल्लीच्या तोंडाकडे विरत गेला, तेव्हा तिने शटर उघडलं. टेबलावरचं भांडं तोवर हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं, रेझिन आतल्या आत घट्ट झालं होतं, आणि घोटायची काडी त्यात सरळ उभी राहिली होती.